काळ्या खिडकीतला बॅकअप : नवख्या माणसासाठी सूचना कशा लिहाव्यात

रात्री साडेदहाला फोटो स्टुडिओवाल्या दादांचा फोन. "ताई, पासवर्ड टाइपच होत नाहीये. कीबोर्ड गेला वाटतं."

कीबोर्ड ठणठणीत होता. रेस्टिक या बॅकअपच्या सॉफ्टवेअरने पासवर्ड विचारला होता, दादा तो टाइप करत होते आणि पडद्यावर काहीच उमटत नव्हतं. ना अक्षर, ना टिंब. कमांड लाइनवर, म्हणजे बटणांऐवजी ओळी टाइप करून काम करायच्या खिडकीत, पासवर्ड असाच टाकायचा असतो, अक्षरं किती आहेत हेही मागे उभ्या असलेल्याला कळू नये म्हणून. मला ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली की मी त्यांच्यासाठी लिहिलेल्या १४ पानी मार्गदर्शिकेत तिच्याबद्दल एक शब्द नव्हता. दादा दुसऱ्या पानावर अडकले होते. पुढची १२ पानं मी कोरी दिली असती तरी चाललं असतं.

पुण्यात बरीच वर्षं मी सॉफ्टवेअरची मॅन्युअलं लिहिण्याचंच काम केलं, म्हणून हे जास्त लागलं. आता चिपळूणला असते. इथे बॅकअपचं महत्त्व कुणाला समजावून सांगावं लागत नाही. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा दादांचा संगणक टेबलावर होता आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात. दोन्ही चिखलात गेली. नऊ वर्षांची लग्नं गेली, असं ते म्हणतात. नंतर आम्ही ठरवलं ते असं : दोन डिस्क घ्यायच्या, एक दुकानात वरच्या फळीवर आणि दुसरी कुंभार्ली घाट चढून कराडला, त्यांच्या बहिणीकडे. महिन्या-दोन महिन्यांनी अदलाबदल. सॉफ्टवेअर रेस्टिक, कारण ते फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, डेटा कुलूपबंद करून ठेवतं, आणि दुसऱ्या वेळेपासून फक्त बदललेलाच भाग उचलतं. इन्स्टॉल करायची भानगड नाही, एकच फाइल. अडचण एवढीच की त्याला बटणं नाहीत. काळी खिडकी आणि टाइप करायच्या ओळी.

ती मार्गदर्शिका मी आतापर्यंत पाचदा नव्याने लिहिली. त्यात जे शिकले ते इथे देतेय. तुम्ही बोर्ग, आरसिंक अशी याच कामाची दुसरी सॉफ्टवेअरं वापरत असाल किंवा स्वतःच एखादं असं सॉफ्टवेअर लिहीत असाल, तरी यातलं बरंचसं लागू पडेल. कमांडची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. तुमच्या मार्गदर्शिकेत मात्र ती जशी टाइप करायची तशीच, अक्षरन् अक्षर छापा.

शेजारी बसा, हात मांडीखाली

लिहायच्या आधी एक वाचक गाठा. एकच पुरतो. त्याला तुमचा आत्ताचा मसुदा द्या, शेजारी बसा आणि गप्प राहा. कीबोर्डला हात लावायचा नाही, "नाही नाही, तिकडे नाही" म्हणायचं नाही. वही घ्या आणि माणूस जिथे थांबतो, परत मागचं वाचतो, किंवा तुमच्या तोंडाकडे बघतो, तिथे खूण करा. पहिल्या दिवशी माझं एक अख्खं पान भरलं. त्यातल्या दोन-तीनच खुणा रेस्टिकबद्दल होत्या, बाकी सगळ्या त्या खिडकीबद्दल. आपण डॉक्युमेंटेशनमध्ये "बॅकअपची संकल्पना सोपी करून सांगा" वगैरे म्हणत बसतो, आणि माणूस त्याच्या कितीतरी आधी पडलेला असतो.

माझ्या पहिल्या ओळीत "टर्मिनल उघडा" असं होतं. दादा म्हणाले, "म्हणजे विमानतळावर असतं ते?" आता तिथे लिहिलंय : विंडोजची खूण असलेलं बटण दाबा, सीएमडी ही तीन अक्षरं टाइप करा, एंटर दाबा. काळी खिडकी उघडेल.

पुढे, बॅकअप चालू असताना त्यांनी उत्सुकतेने खिडकीत माउसने टिचकी मारली आणि सगळं थिजलं. विंडोजच्या जुन्या काळ्या खिडकीत असं होतं. टिचकी मारली की तिला वाटतं आपल्याला मजकूर निवडायचाय, म्हणून ती आतल्या प्रोग्रामला अडवून धरते. वरच्या पट्टीत "सिलेक्ट" हा शब्द दिसतो, आणि एस्केप दाबलं की गाडं पुन्हा सुरू. रेस्टिकच्या मॅन्युअलमध्ये हे नाही, असण्याचं कारणही नाही. तो विंडोजचा गुण. पण वाचकाच्या लेखी बॅकअप अडकला तो रेस्टिकमुळेच. तेव्हा सांगायचं काम आपल्याकडे येतं.

तसंच कंट्रोल-सी. आलेला मजकूर मला व्हॉट्सॲपवर पाठवावा म्हणून दादांनी भाबडेपणाने कॉपीची बटणं दाबली. काही निवडलेलं नसेल तर काळ्या खिडकीत त्याचा अर्थ "थांब". बॅकअप मधेच तुटला. ते घाबरले, मी नाही, कारण रेस्टिकला त्याने काही होत नाही. पुन्हा चालवलं की आधी पोचलेला डेटा तो परत पाठवत नाही. फरक इतकाच होता की हे मला ठाऊक होतं आणि कागदावर नव्हतं. मधेच वीज गेली, डिस्कची वायर निघाली, खिडकी चुकून बंद झाली तर काय होतं, हे प्रत्येक बॅकअप मार्गदर्शिकेत पहिल्या दोन पानांत यायलाच हवं. कोकणात तर पावसाळ्यात वीज जाणार हे धरूनच लिहायचं.

सुरुवात परत आणण्यापासून

बहुतेक मॅन्युअलं ज्या क्रमाने सॉफ्टवेअर चालतं त्या क्रमाने लिहिलेली असतात : इन्स्टॉल, रिपॉझिटरी (बॅकअप साठवायची जागा) तयार करणं, बॅकअप, मग जुन्या बॅकअपांची देखभाल, आणि कुठेतरी पुढे रिस्टोअर, म्हणजे फायली परत आणणं. बनवणाऱ्याच्या दृष्टीने हा क्रम बरोबर आहे. पण बॅकअपची मार्गदर्शिका माणूस दोनदा वाचतो. एकदा रविवारी दुपारी, चहा घेत, सगळं बसवताना. आणि दुसऱ्यांदा, नवरीचे आईवडील दारात उभे असताना आणि अल्बमचं फोल्डर सापडत नसताना. दुसऱ्या वेळी त्याचे हात कापत असतात, त्याला पानं चाळता येत नाहीत. मार्गदर्शिका त्या वेळेसाठी लिहायची. पहिली वेळ आपोआप निभावते.

म्हणून माझ्या आताच्या आवृत्तीत पहिल्या पानावर सराव आहे, आणि त्याचा शेवट फाइल परत मिळण्यात होतो. तो असा :

डी ड्राइव्हवर "सराव" नावाचं फोल्डर करा आणि त्यात कुठलेही तीन फोटो टाका. त्याच ड्राइव्हवर "सरावकोठी" नावाची रिपॉझिटरी रेस्टिक इनिट ही कमांड देऊन तयार करा. (एकाच डिस्कवर मूळ आणि बॅकअप ठेवणं चूक आहे, इथे सरावापुरतंच, हे तिथेच लिहिलंय.) रेस्टिक बॅकअप चालवा. आता तीनपैकी एक फोटो खरोखर उडवा, रिसायकल बिनमधूनही. मग रेस्टिक, डॅश आर, कोठीचा पत्ता, रिस्टोअर, लेटेस्ट, डॅश डॅश टार्गेट, आणि "परत" नावाच्या नव्या फोल्डरचा पत्ता. एंटर. "परत" उघडा आणि फोटो बघा.

दहा मिनिटांचं काम. पण स्वतःच्या हाताने उडवलेला फोटो परत आलेला बघितला की माणूस पुढची पानं वेगळ्या धीराने वाचतो. संकल्पनेवरचे माझे चार परिच्छेद हे करू शकले नव्हते. ते मी काढून टाकले.

या सरावात एक खाचखळगा आहे आणि तो मुद्दाम ठेवलाय. "परत" उघडल्यावर आत फोटो नसतात. आत "डी" नावाचं फोल्डर असतं, त्याच्या आत "सराव", आणि त्याच्या आत फोटो. रेस्टिक मूळचा पूर्ण पत्ता जपतो आणि तो अख्खा पत्ता नव्या जागी उभा करतो. दादांनी पहिल्यांदा "डी" बघून फोल्डर बंद केलं आणि "रिस्टोअर झालं नाही" असं मला कळवलं. खऱ्या अडचणीच्या वेळी असं होण्यापेक्षा सरावात झालेलं बरं. मी तिथे त्या फोल्डरांचं चित्र छापलंय, शब्दात समजावत बसले नाही.

आणि नवं फोल्डर का, तर मूळ जागीच रिस्टोअर केलं की रेस्टिक तिथल्या त्याच नावाच्या फायलींवर जुन्या लिहितो. घाबरलेल्या माणसाला आधी कधीच मूळ जागी रिस्टोअर करायला सांगू नका. बाजूला आणा, बघा, मग हाताने उचलून ठेवा. एक पायरी वाढते, वाढू दे.

अनुभवी मंडळी म्हणतात, रिस्टोअर आधी हे लहान मुलांचं झालं. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरकडून चुकून मुख्य डेटाबेस उडाला, तेव्हा लक्षात आलं की त्यांचे रोजचे डेटाबेस बॅकअप आवृत्तीच्या घोळामुळे होतच नव्हते, आणि ते होत नाहीत हे सांगणाऱ्या ईमेलही नाकारल्या जात होत्या. शेवटी सुमारे सहा तास आधीच्या एका दुसऱ्याच प्रतीवरून काम भागवावं लागलं. हे सगळं त्यांनी स्वतःच उघडपणे लिहून ठेवलंय. तिथे लहान मुलं नव्हती.

छापलंय तेच टाइप होणार

नवखा माणूस सूचना शब्दशः पाळतो. त्याला दुसरा मार्गच नसतो. म्हणून कमांडच्या ओळीत जे छापाल ते सगळं टाइप होणार हे गृहीत धरा.

रेस्टिकच्या मूळ डॉक्युमेंटेशनमध्ये उदाहरणांच्या सुरुवातीला डॉलरचं चिन्ह आहे. लिनक्सवाल्यांना (विंडोजऐवजी लिनक्स ही सिस्टिम वापरणाऱ्यांना) ते "इथून पुढे टाइप करा" असं वाचता येतं. दादांनी डॉलरही टाइप केला. मी माझ्या मसुद्यात रिपॉझिटरीच्या जागी टोकदार कंसात "तुमचा पत्ता" असं लिहिलं होतं. त्यांनी कंस तसेच ठेवून आत ई ड्राइव्ह लिहिला. टोकदार कंसाला काळ्या खिडकीत स्वतःचा वेगळा अर्थ आहे, फाइलमधून वाचण्याचा, त्यामुळे आलेल्या एररचा बॅकअपशी काडीचा संबंध नव्हता. आता मी कंस वापरतच नाही. खरा पत्ता छापते, "ई ड्राइव्हवरची कोठी", आणि खाली लिहिते : तुमची डिस्क दुसऱ्या अक्षरावर असेल तर ई हे एक अक्षर बदला. बाकी काही बदलू नका. "बाकी काही बदलू नका" हे वाक्य मोठं गुणाचं आहे.

मूळ उदाहरणांतली नागमोडी रेघ, म्हणजे घरच्या फोल्डरची खूण, विंडोजच्या या खिडकीला कळत नाही. ओळ लांब झाली म्हणून उलटी तिरकी रेघ देऊन पुढच्या ओळीवर नेणं, हेही लिनक्सचं. तुमचा वाचक विंडोजवर असेल तर विंडोजचीच उदाहरणं द्या. "त्यानुसार बदल करा" म्हणजे अर्धं काम त्याच्या गळ्यात घालणं.

मग जागा सोडलेली नावं. दादांच्या फोल्डरांची नावं "पाटील लग्न मे" अशी असतात. दुहेरी अवतरणात घातलं नाही तर रेस्टिकला ती तीन वेगळी फोल्डरं वाटतात. अवतरणात घातलं आणि शेवटी सवयीने उलटी तिरकी रेघ ठेवली की ती रेघ शेवटचं अवतरण गिळते आणि पुढची सगळी कमांड पत्त्याचाच भाग होऊन बसते. या एका गोष्टीवर माझी एक संध्याकाळ गेली आहे. "शेवटी उलटी तिरकी रेघ नको", ठळक अक्षरात.

आणि सगळ्यात वैताग म्हणजे वर्ड. मार्गदर्शिका वर्डमध्ये टाइप केली की तो शहाणा सरळ अवतरणचिन्हं वळणदार करतो आणि दोन छोट्या रेघांची एक लांब रेघ करून टाकतो. कागदावर सुबक दिसतं. तिथून कॉपी करून चिकटवलं की रेस्टिक म्हणतो असा पर्याय मला माहीत नाही. कमांडा नोटपॅडमध्ये लिहा, साध्या मजकुराची फाइल वेगळी द्या, आणि छापील कागदावर "इथे दोन आखूड रेघा, मध्ये जागा नाही" असं शब्दांत लिहा. व्हॉट्सॲपवर कमांड पाठवायची वेळ आली तर फाइल म्हणूनच पाठवा.

आपल्याकडची एक भर : देवनागरी नावाच्या फायली काळ्या खिडकीत चौकोन-चौकोन दिसू शकतात. दादांना वाटलं फायली बिघडल्या. बिघडत नाहीत, रिस्टोअर केल्यावर नाव जसंच्या तसं येतं, खिडकीच्या फाँटला ते काढता येत नाही एवढंच. इंग्रजी मार्गदर्शिकेत तुम्हाला हे सहसा सापडणार नाही.

स्नॅपशॉट म्हणजे फोटो नव्हे

स्टुडिओ चालवणाऱ्या माणसाला "रेस्टिक स्नॅपशॉट घेतो" असं सांगितलं तर त्याचा काय समज होईल? माझ्या ध्यानातच आलं नाही. दादा दोन आठवडे समजत होते की याने फक्त फोटोंचाच बॅकअप होतो, हिशेबाच्या फायलींचा नाही. आता मी स्नॅपशॉटला "नोंद" म्हणते. त्या दिवशी त्या वेळी फोल्डरं कशी होती त्याची नोंद. खातेवहीची सवय असलेल्या कुणालाही पटतं. कमांडमध्ये मात्र स्नॅपशॉट्स असंच टाइप करायचं, हे पहिल्या उल्लेखातच सांगून टाकते.

रिपॉझिटरीसाठी आधी "भांडार" केलं होतं. वहिनींनी विचारलं, किराण्याचं? "कोठी" चाललं, कारण कोठीत धान्य ओतलं जातं आणि खालच्या तोंडातून काढलं जातं, वरून हात घालून उपसत नाहीत. हा मुद्दा महत्त्वाचा, कारण माणूस डिस्क उघडून बघतोच. आत त्याला आपले फोटो दिसत नाहीत. दिसतात डेटा, इंडेक्स, कीज, लॉक्स, स्नॅपशॉट्स ही फोल्डरं आणि कॉन्फिग नावाची फाइल. डेटाच्या आत ००पासून एफएफपर्यंत २५६ फोल्डरं. दादांच्या मुलाने हा "व्हायरस" साफ करायला घेतला होता. तेव्हापासून पानभर मोठा फोटो आहे : कोठी आतून अशी दिसते, अशीच दिसायला हवी, हात लावू नका. मी शब्दांची भाषांतरं फार करत नाही. जिथे इंग्रजी शब्दाने चुकीचं चित्र उभं राहतं तिथेच करते.

फरगेट आणि प्रून या कमांडांच्या जोडीवर मात्र वेळ द्या. फरगेट म्हणजे वहीतली नोंद खोडणं. प्रून म्हणजे आता कुठल्याच नोंदीला लागत नाही असा माल कोठीतून काढून जागा मोकळी करणं. नुसतं फरगेट केलं आणि डिस्कवर जागा का वाढली नाही म्हणून लोक गोंधळतात. (बोर्गमध्ये शब्दांची वाटणी निराळी आहे : तिथे प्रून नोंदी काढतं आणि १.२पासून जागा मोकळी करायला कॉम्पॅक्ट ही वेगळी कमांड लागते. एकाची मार्गदर्शिका दुसऱ्यासाठी फिरवू नका.)

"रोजच्या ७, आठवड्याच्या ४, महिन्याच्या १२ नोंदी ठेव" असा नियम देता येतो. त्याची व्याख्या लिहू नका, कॅलेंडर काढा आणि राहणाऱ्या तारखांना गोल करा. व्याख्येतून हटकून होणारा गैरसमज असा की रोजच्या ७ म्हणजे गेले सात दिवस. तसं नाही. ज्या दिवशी बॅकअप झाला असे शेवटचे सात दिवस. दादा गणपतीत दहा दिवस दुकान बंद ठेवतात. त्यांच्या सात नोंदी मागच्या महिन्यापर्यंत जातात, आणि ते चांगलंच आहे. ही कमांड शिकवताना आधी डॅश डॅश ड्राय-रन लावूनच द्या, म्हणजे काय खोडलं जाईल ते दिसतं पण खोडलं जात नाही.

एक प्रश्न प्रत्येकाने विचारला, शब्दही तेच : "मी इथून फोटो उडवला तर तिथूनही जाणार का?" फोनमधल्या क्लाउडची सवय. उत्तर : नाही, जुन्या नोंदीत तो राहतो, ती नोंद तुम्ही खोडेपर्यंत. आणि उलटही भीती असते, की फरगेट केलं तर संगणकावरचे मूळ फोटो जातील. तेही नाही. या दोन ओळी पहिल्या पानावर चौकटीत हव्यात. आरसिंकची मार्गदर्शिका लिहीत असाल आणि त्यात डॅश डॅश डिलीट असेल, तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर "हो, जाणार" असं आहे, आणि मग तर ते लाल शाईत हवं.

धोका आधी, कमांड मागून

माणूस वाचत वाचत करत जातो. कमांड आधी आणि "लक्षात ठेवा" मागून, असं छापलं तर लक्षात ठेवायच्या वेळेपर्यंत एंटर दाबून झालेलं असतं.

रेस्टिकमध्ये सगळ्यात मोठा धोका पासवर्ड विसरण्याचा. "फरगॉट पासवर्ड" असं काही नाही, कंपनीला फोन करता येत नाही, कंपनीच नाही. पासवर्ड गेला की डेटा कायमचा गेला. रेस्टिक स्वतः हे सांगतो, पण इनिट झाल्यावर, इंग्रजीत, आणि तोवर माणसाने घाईत काहीतरी टाइप केलेलं असतं, न दिसणाऱ्या अक्षरांत. माझ्या पानावर इनिटच्या आधी रिकामी चौकट आहे : पासवर्ड इथे पेनाने लिहा, मग पुढे जा. सुरक्षावाले नाक मुरडतील. पण दादांचा पासवर्ड चोरायला चिपळुणात कुणी टपलेलं नाही. तो हरवण्याची शक्यता मात्र दांडगी. एक प्रत घरी बँकेच्या पासबुकांत, एक कराडला, पण डिस्कच्या पिशवीत नाही. शिवाय रेस्टिकमध्ये एका कोठीला एकाहून जास्त चाव्या चालतात, की ॲड या कमांडने बहिणीचा स्वतःचा पासवर्ड घातला आहे. तुमच्या वाचकाचा खरा धोका कुठला ते ठरवा आणि त्यावरच्या उपायाला जागा द्या.

एरर जशी दिसते तशी

एररच्या पानावर विषयवार मांडणी करू नका. पडद्यावर येते ती ओळ जशीच्या तशी छापा, खाली तिचा अर्थ आणि करायची एकच गोष्ट. घाबरलेला माणूस शब्द जुळवून बघतो, प्रकार ओळखत नाही.

माझ्या पानावर पाच आहेत, पुरतात. रेस्टिक ही कमांडच ओळखली जात नाही : तुम्ही चुकीच्या फोल्डरात उभे आहात. रिपॉझिटरी अस्तित्वात नाही : बहुतेक वेळा डिस्कचं अक्षर ई-चं एफ झालंय, "धिस पीसी" उघडून बघा, आणि इथेच ठळक अक्षरात, पुन्हा इनिट करू नका. पासवर्ड चुकीचा : कॅप्स लॉक बघा. कोठीला कुलूप आहे : मागे वीज गेली तेव्हाचं राहिलं, दुसरीकडे रेस्टिक चालू नाही याची खात्री करा आणि अनलॉक चालवा. काही फायली वाचता आल्या नाहीत : नोंद झालीय पण अपुरी, उघडे प्रोग्राम बंद करा आणि पुन्हा चालवा. ही शेवटची सगळ्यात फसवी, कारण खाली "सेव्ह्ड" दिसतं आणि माणूस निश्चिंत होतो.

यशही छापा. सगळं ठीक झालं तर पडद्यावर शेवटच्या दोन ओळी कशा दिसतात हे दाखवलं नाही तर माणूस पंधरा मिनिटं बघत बसतो, झालं की चाललंय.

मूळ प्रकल्पाला द्यायचं असेल तर

१९७१ सालच्या, युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पहिल्या मॅन्युअलमध्ये पानाच्या तळाशी "ओनर" असा रकाना असे, म्हणजे हा प्रोग्राम कुणाचा. वाचणारे आणि लिहिणारे एकाच प्रयोगशाळेत. कळलं नाही तर उठून जाऊन विचारायचं. पानं त्रोटक राहिली तरी अडत नसे. तो त्रोटकपणा आपल्याकडे आला, शेजारची खोली आली नाही. मी तळाशी माझा फोन नंबर छापते. मुक्त प्रकल्पाला ते शक्य नाही, त्यामुळे त्यांना शब्द जास्त लागतात.

तरी म्हणून मूळ प्रकल्पाला, म्हणजे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना, अख्खं डॉक्युमेंटेशन नव्याने लिहून पाठवू नका. ते वाचायला कुणाला वेळ नसतो. डानिएले प्रोचिदा यांची दिआतॅक्सिस नावाची मांडणी आहे : शिकवणी, कामापुरती कृती, संदर्भ आणि स्पष्टीकरण हे चार वेगळे मजकूर, एकात एक मिसळू नयेत. वाद टाळायला ती फार उपयोगी पडते. संदर्भाच्या पानांना हात लावू नका, अनुभवी लोक ती रोज वापरतात आणि त्यांना ती आखूडच हवी असतात. "पहिल्यांदाच वापरताय?" असं एक वेगळं पान सुचवा. रेस्टिकचं डॉक्युमेंटेशन कोडसोबतच साध्या मजकुराच्या फायलींत राहतं, त्यामुळे एक-दोन वाक्यांची दुरुस्तीही पाठवता येते. एका वेळी एकच दुरुस्ती, आणि सोबत "अमुक वाचक इथे अडकला, त्याने असं टाइप केलं" ही हकीकत. "हे सोपं करा" या मागणीवर वाद होतो. डॉलर टाइप करणाऱ्या माणसाशी कुणी वाद घालत नाही.

जाता जाता एक झाडू मारा. "फक्त", "नुसतं", "अगदी सोपं आहे", "तुम्हाला माहीत असेलच". ही सगळी काढा. ज्याला जमत नाही त्याला हे शब्द टोचतात, ज्याला जमतं त्याचं त्यांच्यावाचून अडत नाही.

शेवटचं पान

मुखपृष्ठावर रेस्टिकची आवृत्ती आणि तारीख घाला. माझी पहिली मार्गदर्शिका ०.१२वर होती, २०२२मध्ये ०.१४ आली, कॉम्प्रेशन (डेटा दाबून कमी जागेत ठेवणं) आलं, आणि छापलेल्या काही ओळी पडद्याशी जुळेनाशा झाल्या. न जुळणारी एक ओळ दिसली की वाचकाचा उरलेल्या पानांवरचाही विश्वास जातो. नवी आवृत्ती आली की सराव स्वतः एकदा पहिल्यापासून करून बघा, दुसऱ्याच्या संगणकावर.

सगळ्यात शेवटी एक तक्ता ठेवलाय. तारीख, कुठली फाइल परत आणली, उघडली का, सही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक फोटो परत आणायचा आणि एक ओळ भरायची. दादांच्या कागदावर पहिल्या दोन ओळी त्यांच्या अक्षरात आहेत, दोन्हीपुढे "उघडली". तिसरी वहिनींच्या अक्षरात : "नाही झालं. ई नाही म्हणते. एफ करून बघितलं, झालं. हे पान ८वर आहे, पान १वर घ्या."

घेतलं.